ठेशनाची वटी

खडकी, १२ जून २००६

आबा,

गाडी थांबते म्हणून माणसं राहायला येतात, की माणसं राहतात म्हणून गाडी थांबते? मुलाखतीत श्यामसुंदर सरांनी हा प्रश्न विचारला आणि मला उत्तर आलं नाही. अजूनही येत नाही. मी तसंच सांगितलं, "माहीत नाही, सर." ते म्हणाले, "बरं झालं. आधी आलेल्या सगळ्यांना माहीत होतं." आणि मला नोकरी दिली.

ऑफिस नारायण पेठेत, झेरॉक्सच्या दुकानावर आहे. वस्ती कुठे वाढेल, रस्ता कुठून काढावा, पाणी पुरेल का, असे अभ्यास आम्ही लोकांना करून देतो. भूगोलाच्या पदवीचं काय लोणचं घालणार, असं संभाजीकाका पारावर म्हणाले होते. त्यांना सांगा, नकाशे रंगवण्याचा पगार मिळतो.

शेजारच्या टेबलावर नीरजा बसते. शनिवार पेठेतली, वागायला चांगली. तिने पहिल्याच दिवशी विचारलं, "बाबा काय करतात?" मी म्हटलं, स्टेशनवर तिकिटं विकतात. ती म्हणाली, "वॉव, गव्हर्न्मेंट जॉब!" मग सांगावं लागलं की बोरवंड हे स्टेशन नाही, हॉल्ट आहे, तिथे रेल्वेचा माणूस नसतो, गावातल्याच एकाला नेमतात आणि तिकिटं खपतील तसं कमिशन देतात. "ओके, म्हणजे फ्रँचायझी," ती म्हणाली. गावात तुम्हाला मास्तर म्हणतात, हे मी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं असं बसमध्ये वाटलं.

वेणूआत्या माझं सगळं करते. मी स्वयंपाकघरात झोपते. ज्ञानदेवमामांना कारखान्यातून निवृत्त व्हायला आता फार दिवस राहिले नाहीत, आणि त्यानंतर हे क्वार्टर सोडायचं आहे. आत्या रोज पेपरातल्या नव्या घरांच्या जाहिराती वाचते, मग त्याच पेपरावर लसूण सोलते. तुमच्या बहिणीचा स्वभाव तुम्हाला माहीतच आहे, बोलून काही दाखवत नाही.

तुमची,
दीपा


खडकी, २ जुलै २००६

आबा,

मला दिलेलं पहिलं काम कोणतं असेल, सांगा. विषय असा छापलाय: "बोरवंड स्थानकाभोवती नवीन घरांची शक्यता." मी सरांना म्हटलं, "सर, हे माझं गाव आहे." ते म्हणाले, "उत्तम. मुक्कामाचा खर्च वाचला."

हा अभ्यास एका बिल्डरने मागितलाय. हडपसरकडे कॉम्प्युटरच्या कंपन्या वाढताहेत, तिथे कामाला येणाऱ्या मुलांना पुण्यात घर परवडत नाही. कारखान्यातल्या माणसांना तर नाहीच. स्टेशनपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरात घर असेल, तर सकाळच्या शटलने ते कामावर येऊ शकतील. मला हे पटतं, आबा. मामांसारखी माणसं आयुष्यभर काम करतात आणि शेवटी त्यांच्याकडे एक पत्तासुद्धा उरत नाही. कोणीतरी बसून विचार करावा की यांनी राहायचं कुठे, म्हणून तर मी या नोकरीला हो म्हटलं.

सरांनी नकाशावर हॉल्टच्या ठिकाणी कंपासचं टोक ठेवलं आणि वर्तुळ काढलं. आपलं घर त्यात येतं. नकाशावर तिथे काहीच लिहिलेलं नाही. आत जेवढी शेतं आली ती मी पिवळी रंगवली. पिवळं म्हणजे उपलब्ध.

मग सरांनी तिकिटविक्रीचा आलेख पुढे ठेवला. गावची वस्ती आहे तेवढीच आहे आणि तिकिटांची रेघ वर वर चाललीय. सर खूश झाले. म्हणाले, "बघा, मागणी आधीपासून आहे. घरंच तेवढी नाहीत."

ती तिकिटं कसली आहेत हे त्या खोलीत मला एकटीला माहीत होतं. तरी मी पिवळा रंग लावत राहिले. मी काय करू? तुम्ही सांगाल तसं करीन, असं मात्र आधीच म्हणत नाही.

दीपा


खडकी, २३ जुलै २००६

आबा,

कार्ड मिळालं. "लिहू नकोस. घरं होऊ देत, मग तिकिटं आपोआप खरी होतील." एवढंच. आईचं पायदुखणं कसं आहे तेही नाही.

तुमचं म्हणणं मी खूप दिवस मनात घोळवलं. ते चूक आहे असं मला सिद्ध करता येत नाही. शंभर घरं झाली तर शटल खरोखर भरेल आणि मग हॉल्टला कोणी हात लावणार नाही. पण घर घेणारा माणूस आधी पैसे भरतो, गाडी नंतर भरते. मधल्या काळात गाडी थांबली नाही, तर तो माणूस माळावर राहील. तो आपल्या गावचा नाही, म्हणून त्याला सांगायचं नाही का? तुम्हीच शिकवलंत, खिडकीतून सुटे पैसे परत देताना ते समोरच्याला दिसतील असे मोजायचे.

मी सरांना सांगितलं.

म्हटलं, "सर, ही तिकिटं प्रवासाची नाहीत."

"मग कसली? लॉटरीची?"

मी सांगितलं, विक्री कमी म्हणून हॉल्ट बंद करणार असा कागद पूर्वी एकदा आला होता. तेव्हापासून गावाने असं ठरवलं की कोणाकडे लग्न झालं, मूल झालं, कांद्याला भाव मिळाला, तर त्या घराने शेजारच्या केडगाव स्टेशनची तिकिटं काढायची आणि गाडीत बसायचं नाही. नवी नवरी आधी खिडकीशी जाते, मग देवळात. बायका त्याला ठेशनाची वटी म्हणतात. ते पुठ्ठ्याचं तिकीट हळदीकुंकवाच्या डबीत ठेवतात.

सर पेन्सिलीला टोक करत राहिले. मग म्हणाले, "देवीची ओटी ऐकली होती. ठेशनाची पहिल्यांदाच ऐकतोय. आणि इतकी वर्षं भरताय, पाळणा हलला का?"

नीरजा हसली. मीही हसले, आबा.

पण सर माणूस म्हणून वाईट नाहीत. म्हणाले, "खरं आहे ना? मग लिहा. एक परिच्छेद. तुमच्या शब्दांत. मी त्यातली मात्राही काढणार नाही. मात्र एक लक्षात घ्या, यानं शक्यता कमी होत नाही. गाडीसाठी एवढं करणारं गाव आहे, हे मला त्या आलेखापेक्षा महत्त्वाचं वाटतं."

मी काल लिहिला. तुमचं नाव घातलेलं नाही. आज तुम्हाला सांगतेय, कारण ते तुम्हाला दुसऱ्याकडून कळू नये.

दीपा


खडकी, १७ सप्टेंबर २००६

आबा,

माझ्या मागच्या पत्राला उत्तर नाही. टपाल मिळतंय ना? आई फोनवर म्हणाली, मिळतंय.

अहवाल गेला. पहिल्या पानावर खाली बारीक अक्षरात "सर्वेक्षण: दीपमाला महिपती" असं छापलंय. आडनाव राहिलं. सर म्हणाले, पुढच्या वेळी. तुमचं नाव नको म्हणता म्हणता तेच तेवढं आलं, म्हणून मला हसू आलं.

आता दुसरं. ते लिहायचं टाळत होते.

बिल्डरची जाहिरातपुस्तिका करण्याचं काम नीरजाला मिळालं. माझा परिच्छेद वाचून ती माझ्या टेबलाशी आली. "किती क्यूट आहे यार हे! ओटी! मला अंगावर काटा आला." तिने तो उचलला. 'वटी'चं 'ओटी' केलं, कारण लोकांना वटी कळणार नाही. आता चकचकीत कागदावर, सूर्योदयाच्या चित्रावर छापलंय: "इथली माणसं स्टेशनची ओटी भरतात. तुमच्या नव्या घराचं स्वागत असंच होईल." पुढची ओळ, की ते गाडीत बसत नाहीत, ती कुठेच नाही. मी विचारलं तर म्हणाली, "अगं, जागाच नव्हती." खोटं बोलत नव्हती. सूर्य फार मोठा आहे.

सरांकडे गेले. ते म्हणाले, "अहवालात आपण सगळं लिहिलं. जाहिरात त्यांची आहे." हेही खरंच.

मागच्या रविवारी मैदानावर घरांचं प्रदर्शन होतं. आत्या आणि मामा मला न सांगता गेले आणि बोरवंडला वन रूम किचन बुक करून आले. आत्याने पेढा माझ्या तोंडात घातला. "आमच्या दीपानेच सगळा सर्व्हे केलाय, असं सांगितलं मी त्या टायवाल्याला. माझ्या भावाचं ठेशन आहे म्हटलं. लगेच कोपऱ्यातला फ्लॅट दिला बघ." पेढा तोंडात असताना बोलता आलं नाही. नंतर बोलले. सगळं सांगितलं. आत्या म्हणाली, "तुझं नाव छापलंय त्यात, आणि आता म्हणतेस नको?" मामा एवढंच म्हणाले, "घरं झाली की गाडी थांबंलच की गं. येवढ्या लोकांना सोडून जातीय व्हय?"

तेच तुमचं वाक्य.

दीपा


खडकी, ५ नोव्हेंबर २००६

आबा,

दिवाळीत मी घरी होते तेव्हा तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. उटणं लावायला पाट मांडलात, पाणी काढलंत, "उठा" म्हणालात. ते 'उठा' मला होतं की गुरांना, कळलं नाही. भाऊबीजेला आत्या आली नाही, तेही माझ्यावरच गेलं असेल. शटलला सोडायला आलात, पण खिडकीत जाऊन बसलात. मी तिकीट मागितलं, तुम्ही दिलंत, सुटे पैसे दिसतील असे मोजलेत.

तेव्हा मला वाटलं, तुम्ही फक्त रागावला आहात. काल आईचा फोन आला तेव्हा पुढचं कळलं.

रेल्वेचे साहेब आले होते म्हणे. हातात नीरजाची पुस्तिका. आई सांगत होती आणि मागे संभाजीकाकांच्या दुकानात कोणीतरी वजन करत होतं, मापं वाजत होती.

"सायब म्हनला, मास्तर, ह्ये काय हाय? ही वटी खरी का जाहिरातीपुरती? समदं गाव उभं हुतं. संभाजीभावजी म्हनत हुते, काय बी छापत्यात सायब हे पुण्याचे लोक. त्येंनी बी तेवढं म्हनलं आसतं तरी सुटलो आसतो आपन. तर तुजे आबा म्हनले, माज्या पोरीनं लिवलंय. म्हंजे खरं हाय."

मी विचारलं, मग साहेब काय म्हणाले. आई म्हणाली, "काय म्हनतोय? च्या पिला न् लिवून घेतलं. वाईट वाटलं त्याला बी."

आबा, तुम्ही तसं का सांगितलंत? मला वाचवायला म्हणावं, तर मला कोणी धरलं नव्हतं. तुम्हाला राग असता तर तुम्ही मला खोटं पाडलं असतं. मी ते वाक्य रोज रात्री आठवते आणि दर वेळी वेगळं ऐकू येतं.

एका ओळीचं कार्ड टाका. शिव्या दिल्यात तरी चालेल.

दीपा


खडकी, ११ फेब्रुवारी २००७

आबा,

हॉल्ट बंद झाला हे मला ऑफिसात कळलं. सरांनी रेल्वेचं पत्र पुढे सरकवलं आणि पहिल्यांदाच काही खोचक बोलले नाहीत. प्रवासासाठी न झालेली विक्री वगळली तर उरलेली विक्री हॉल्ट चालवण्याइतकी नाही, असं त्यात आहे. वाक्य सरळ आहे. मी लिहिलं असतं तर असंच लिहिलं असतं.

बिल्डर थांबलेला नाही. शेतं आधीच घेऊन झाली होती. योजनेचं नाव 'स्टेशन व्ह्यू' होतं, ते तसंच आहे. नीरजा म्हणाली, "टेक्निकली, व्ह्यू तर आहेच ना." मग माझ्याकडे बघून तिचा चेहरा उतरला आणि ती चहा आणायला गेली.

मामा मार्चअखेर निवृत्त होतील. बुकिंग मोडलं तर भरलेल्यातलं थोडंच परत मिळतं, म्हणून त्यांनी मोडलं नाही. आत्या माझ्याशी पूर्वीसारखीच वागते. फक्त आता जाहिराती वाचत नाही, पेपर आला की सरळ लसूण सोलायला घेते.

तुमचं कमिशन गेलं, त्याबद्दल मी पैसे पाठवले होते. ते परत आले. ठीक आहे.

पण आज लिहितेय ते वेगळ्यासाठी. आईला फोनवर म्हटलं, गावाने एवढी वर्षं हॉल्ट राखला आणि मी एका परिच्छेदात घालवला. आई एकदम चिडली.

"गावानं कुटलं राखलंय! तू सातवी पास झालीस तवाच त्यो कागूद आला हुता. पुढं साळा केडगावला. गाडी न्हाई म्हंजे साळा न्हाई. वडापच्या जीपमदी त्येंनी तुला धाडली आसती व्हय? तवा वटीबिटी काय नव्हतं. तू पास झालीस म्हनून त्येंनीच सोताच्या खिडकीतनं पयलं तिकीट काडलं, सोताच पैसं टाकलं. मी म्हनलं, ह्ये काय येड्यावानी? तर म्हनले, ठेशनाची वटी भरली. मंग बायकांनी धरलं त्ये."

मी सरांना "गावाने ठरवलं" असं सांगितलं होतं. अहवालातही तसंच छापलंय. सगळ्या परिच्छेदात तेवढं एक चुकीचं आहे.

तुम्ही मला कधीच सांगितलं नाहीत. बारावीपर्यंत रोज त्या फलाटावरून गेले, पदवी घेऊन आले, आणि नंतर त्याच तिकिटांना सरांसमोर म्हटलं, "ही प्रवासाची नाहीत."

होती, आबा. निदान एक तरी होतं.

दीपा


केडगाव, २४ जून २००७

आबा,

वरचं गावाचं नाव चुकून लिहिलेलं नाही.

मे महिन्यात मी दोन दिवस घरी आले होते, तेव्हा शेजारच्या चंपाची राजनंदिनी ओट्यावर बसून वह्यांना कव्हरं घालत होती. मी विचारलं, आठवीला कुठे? तिने आईकडे पाहिलं. चंपा म्हणाली, "कुठं म्हंजे? घरी. गाडी न्हाई तर जानार कशानं." मग मला बरं वाटावं म्हणून म्हणाली, "सातवी झाली की. लई झालं." राजनंदिनी कव्हरं घालतच होती. दुसऱ्या दोन मुलींचंही तेच आहे, हे नंतर कळलं. चंपा मला एक शब्द टोचून बोलली नाही. माझ्या शाळेच्या वाटेत तिनेच माझ्या वेण्या घातल्या होत्या, त्यामुळे आता ती बोलली असती तरी चाललं असतं.

तुम्ही त्या दिवशी फलाटावर होतात. हॉल्ट बंद होऊन एवढे महिने झाले, तरी तुम्ही सकाळी जाऊन झाडता. संभाजीकाका म्हणाले, "मास्तर, आता कुनासाठी?" तुम्ही म्हणालात, "कचरा पडतोय." मी ते ऐकलं. सरांच्या त्या प्रश्नात गाडी थांबते आणि माणसं राहतात एवढंच होतं. गाडी थांबत नाही तरी माणूस राहतो, हे त्यात नव्हतं.

इथे केडगाव स्टेशनच्या मागे मी एक खोली घेतली आहे. पत्र्याची आहे, उन्हाने तापते. दार रुळांकडे उघडतं. शाळा हाकेच्या अंतरावर आहे. राजनंदिनी आणि त्या दोघी सोमवार ते शनिवार माझ्याकडे राहतात, शनिवारी दुपारी चंपा किंवा कोणीतरी येऊन त्यांना दिवसातल्या एकुलत्या एसटीने नेतं. घरमालक म्हणाले, "हॉस्टेल काढताय का मॅडम?" मी म्हटलं, नाही, घर. नोकरी सोडलेली नाही. सोडली तर भाडं कोण देणार. मी शटलचा पास काढलाय आणि रोज इथून पुण्याला जाते. सरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "अखेर एक घर झालं म्हणायचं. अहवालात मात्र वर्तुळाच्या बाहेर आहे." विनोद केल्यावर ते खाली मान घालून कागद चाळत बसले.

शटल बोरवंडवरून जाते. थांबत नाही, पण वळणामुळे हळू होते. मी दारात उभी असते. पाटी येते, लिंब येतो, बंद खिडकी येते. मंगळवारी तुम्ही होतात, पाठमोरे, झाडू हातात. मी हाक मारली नाही. गाडीच्या आवाजात ऐकू गेली नसती, आणि ऐकू गेली असती आणि तुम्ही वळला नसतात, तर तो प्रवास मला रोज करता आला नसता.

पहिल्या दिवशी मुलींना सोडायला आई आली होती. तिने उंबऱ्यावर हळदकुंकू वाहिलं, मूठभर तांदूळ ठेवले. मी म्हटलं, "थांब, मी आलेच." ती म्हणाली, "आता कुटं?" मी सांगितलं. तेव्हा ती हसली, खूप दिवसांनी. "आगं, हितं गाडी थांबती. हितं वटी कशापायी?"

तरी मी गेले. खिडकीवर बोरवंडचं तिकीट मागितलं. आतल्या माणसाने कॉम्प्युटरकडे बघितलं आणि म्हणाला, "ताई, बोरवंड आता येत नाही यात." मागे रांग होती. मग मी तुमच्या पुढचं, यवतचं मागितलं. पास पर्समध्येच होता. हल्लीचं तिकीट पातळ कागदाचं असतं, डबीत मावत नाही, चार घड्या घालाव्या लागल्या.

शटल आली तेव्हा मी फलाटावरच होते. ती सुटेपर्यंत उभी राहिले. बसले नाही.

दीपा